प्लाक फाट्यापाशीच का धरतो? रक्ताच्या प्रवाहाचा जोर आणि धमनीचं अस्तर

विचारलेला प्रश्न असा: वडील ६४ वर्षांचे, नाशिकरोडला राहतात, बीपीची गोळी चालू, साखर सीमेवर. चक्कर येते म्हणून मानेची कॅरॉटिड डॉप्लर झाली, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीची, प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. रिपोर्टप्रमाणे दोन्ही बाजूंना, ही धमनी दोन शाखांत फुटते त्या फाट्याजवळच्या फुगवट्यात, म्हणजे बल्बमध्ये, प्लाक (कोलेस्टेरॉलचा थर) आहे. अरुंदपणा ५० टक्क्यांहून कमी. खालची सरळ धमनी स्वच्छ. शिवाय ‘डाव्या बल्बमध्ये उलटा प्रवाह दिसतो’ असं एक वाक्य. लेक विचारते, रक्त तेच, कोलेस्टेरॉल तेच, मग दोन्हीकडे नेमकं फाट्यापाशीच का? रक्त उलटं वाहतं हे धोक्याचं आहे का? आणि नात्यातल्या कुणी लिंबू, आलं, लसूण आणि व्हिनेगरचा ‘नसा साफ करणारा’ काढा सुचवलाय, तो द्यावा का?

प्रश्न तीन दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: धमनी म्हणजे पाइप आणि प्लाक म्हणजे पाइपात साचलेला गाळ. ती आधी बाजूला करायला हवी, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आपल्याकडे द्राक्षबागेचं ठिबक सांभाळणाऱ्या कुणालाही गाळाचं हे चित्र पटकन पटतं. लॅटरलमध्ये क्षार धरतात, ड्रिपर चोंदतात, मग ॲसिड सोडायचं, काही तास ठेवायचं आणि शेवटचं टोक उघडून लॅटरल धुऊन काढायची. हा उपाय चालतो, कारण क्षार नळीच्या पोकळीत, प्लास्टिकच्या पृष्ठभागावर बसलेले असतात आणि ॲसिड त्यांच्यापर्यंत पोचतं. धमनीतला प्लाक पोकळीत बसलेला नसतो. तो भिंतीच्या आत असतो, आतल्या अस्तराच्या खाली. वरून वाहणारं रक्त त्याला धुऊ शकत नाही. व्हिनेगर प्यायल्याने रक्ताची आम्लताही बदलत नाही. शरीर ती पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात धरून ठेवतं. दुसरा फरक त्याहून मोठा. पाणी जोरात वाहतंय की संथ, याने प्लास्टिकला काही फरक पडत नाही. धमनीचं अस्तर मात्र जिवंत आहे आणि त्याला वाहत्या रक्ताचा जोर कळतो. तो जोर बदलला की ते स्वतःचं वागणं बदलतं. प्लाक फाट्यापाशी धरण्याचं कारण इथे आहे.

हे अस्तर म्हणजे एंडोथेलियम, पेशींचा एकच थर. एक पेशी साधारण ३० ते ५० मायक्रॉन लांब, १० ते २० मायक्रॉन रुंद, आणि केंद्रकाचा भाग सोडला तर जाडी जेमतेम एक मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून कल्पना येईल. या पेशींवर तीन प्रकारचे जोर सतत पडतात. पहिला रक्तदाब, तो भिंतीवर काटकोनात दाबतो. दुसरा ताण: प्रत्येक ठोक्याला धमनी काही टक्के फुगते आणि परत येते, त्यामुळे पेशी आडव्या ओढल्या जातात, दिवसाला सुमारे एक लाख वेळा. तिसरा, आपल्या प्रश्नाचा खरा विषय, म्हणजे शिअर. रक्त भिंतीला घासून पुढे जातं तेव्हा पेशीला स्वतःबरोबर ओढायला बघतं. तो ओढणारा जोर म्हणजे शिअर.

आकडे पाहिले तर हे विचित्र वाटतं. १२० मिलिमीटर पाऱ्याचा दाब म्हणजे सुमारे १६,००० पास्कल. निरोगी धमनीतला शिअर असतो १ ते २ पास्कल, डॉक्टरी पुस्तकांच्या एककात १० ते २० डाइन प्रति चौरस सेंटिमीटर. म्हणजे दाबाच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतका. दीड पास्कल म्हणजे किती? एक मीटर लांब-रुंद टेबलावर दीडशे ग्रॅम शेंगदाणे एकसारखे पसरले तर त्यांचं वजन टेबलावर जेवढं पडेल तेवढा जोर, फक्त खाली दाबण्याऐवजी बाजूला ओढणारा. इतक्या हलक्या ओढीवरून पेशी ठरवते की आपण शांत राहायचं की चिडायचं.

हा शिअर मोजायचं सोपं सूत्र सरळ नळीसाठी आहे: ४ गुणिले रक्ताचा चिकटपणा गुणिले प्रवाह, भागिले ३.१४ गुणिले त्रिज्येचा घन. मानेतल्या मुख्य कॅरॉटिडमधून मिनिटाला ४०० मिलिलिटर रक्त जातं असं धरा, चिकटपणा ०.००३५ पास्कल-सेकंद, त्रिज्या ३ मिलिमीटर. उत्तर येतं १.१ पास्कल, म्हणजे ११ डाइन. आता प्रवाह तोच ठेवून त्रिज्या ३ची ४ करा. उत्तर ०.४६ पास्कलवर येतं. एक मिलिमीटरच्या फुगवट्याने शिअर निम्म्याहून खाली गेला, कारण त्रिज्या सूत्रात घनाने येते. कॅरॉटिडचा बल्ब हा असाच निसर्गतः असलेला फुगवटा आहे, मेंदूकडे जाणाऱ्या आतल्या शाखेच्या अगदी सुरुवातीला. शिवाय फाट्यावर थोडं रक्त बाहेरच्या, चेहऱ्याकडे जाणाऱ्या शाखेत निघून जातं, त्यामुळे बल्बच्या वाट्याला ४०० मिलिलिटरही येत नाही.

आणि ही फक्त सरासरी झाली. बल्बमध्ये सरळ नळीचं सूत्र पुरतं चालतच नाही, कारण तिथे प्रवाह भिंत सोडतो.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकला रामकुंडावर सगळ्यांचे डोळे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे लागतात. पाणी कुठवर चढलं यावरून पुराचा अंदाज बांधतात. पुढच्या वेळी उंची पाहून झाली की मूर्तीच्या दोन बाजू पाहा. वरच्या अंगाला पाणी सरळ येऊन आदळतं आणि कडेने सुसाट निघतं. खालच्या अंगाला, मूर्तीच्या आडोशाला, फेस आणि पानवेली गोल फिरत राहतात. थोडं पाणी चक्क उलट दिशेने मूर्तीकडे येताना दिसतं. अडथळा नसला आणि पात्र अचानक रुंद झालं तरी काठाजवळ असंच होतं. मुख्य धार मधून सरळ जाते आणि काठालगतचं पाणी मागे राहून घोळतं.

बल्बमध्ये हेच घडतं. मुख्य धार फाट्याच्या मधल्या धारेवर आदळते आणि तिला घासून वर जाते. त्या आतल्या भिंतीवर शिअर चांगला असतो आणि ती बहुधा स्वच्छ राहते. समोरच्या, बाहेरच्या भिंतीलगत मात्र रक्त रेंगाळतं. हृदय आकुंचन पावतं तेव्हा थोडं पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे. तिथला शिअर सरासरीने शून्याच्या जवळ असतो आणि प्रत्येक ठोक्यात दिशा बदलतो, साधारण उणे ४ ते अधिक ४ डाइनच्या दरम्यान. प्लाक नेमका त्या बाहेरच्या भिंतीवर धरतो. वडिलांचा रिपोर्ट नीट वाचलात तर बहुतेक ‘मागची-बाहेरची भिंत’ असंच लिहिलेलं सापडेल.

नदीचं उदाहरण इथे थांबवावं लागतं. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे पाणी संथ झालं, गाळ बसला आणि पाणथळ तयार झाली. तिथे संथ पाणी आणि गाळ असा सरळ संबंध आहे. एलडीएल कोलेस्टेरॉलचा कण मात्र २० ते २५ नॅनोमीटरचा असतो, तो गाळासारखा तळाशी बसू शकत नाही. बसत असता तर तो नेहमी खालच्या अंगाला बसला असता, आणि माणूस दिवसा उभा नि रात्री आडवा असल्याने जागा बदलत राहिली असती. तसं होत नाही. जागा तीच राहते, कारण ती भिंतीवरच्या पेशींच्या वागण्याने ठरते.

पेशीला हा जोर कळतो कसा, हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूवर साखरेच्या साखळ्यांची मऊ लव असते, ग्लायकोकॅलिक्स. रक्त तिला वाकवतं. दोन पेशींच्या सांध्यावर पीकॅम-१, व्हीई-कॅडहेरिन आणि व्हेजएफ रिसेप्टर-२ ही तीन प्रथिनं मिळून ओढ ओळखतात. पेशीच्या पटलात, म्हणजे बाहेरच्या आवरणात, पिझो-१ नावाची दारं आहेत, ती पटल ताणलं की उघडतात आणि कॅल्शियम आत येतं. (पिझोच्या शोधासाठी आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ सालच्या नोबेलचा वाटा मिळाला.) आतला ॲक्टिनचा सांगाडा हा जोर पेशीभर पोचवतो. कोणता भाग पहिला ओळखतो यावर अजून वाद चालतात, पण पुढे काय होतं यावर फारसा वाद नाही.

एका दिशेने, स्थिर, १५ डाइनच्या आसपास शिअर मिळाला की काही सेकंदांतच कॅल्शियम वाढतं आणि पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडू लागते. हा वायू शेजारच्या स्नायूला सैल करतो, प्लेटलेट्सना चिकटू देत नाही. अस्तर असं काहीतरी सोडतं हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं: धमनीच्या पट्टीचं अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलीन या रसायनाने ती सैल व्हायची, अस्तर घासून काढलं की होत नव्हती. त्या कामाला १९९८ चं नोबेल मिळालं. तासाभरात जनुकांची पाळी येते. केएलएफ-२ आणि केएलएफ-४ हे दोन नियंत्रक चालू होतात आणि ते सूज दाबून ठेवतात. साधारण २४ तासांत पेशीचा आकारही बदलतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी लांबट, काकडीच्या बियांसारख्या, सगळ्या प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ओळीत बसलेल्या दिसतात. सांधे घट्ट असतात.

बल्बच्या बाहेरच्या भिंतीसारख्या जागी, जिथे ओढ कमी आणि दिशा सारखी बदलती, तिथल्या पेशी गोलसर-बहुकोनी राहतात, फरशीच्या तुकड्यांसारख्या, कुठल्याच दिशेला नीट न लागलेल्या. त्या लवकर मरतात आणि लवकर विभागतात, त्यामुळे सांधे सैल पडतात आणि एलडीएल आत झिरपतं. केएलएफ-२ कमी होतं, एनएफ-कप्पा-बी ही सुजेची यंत्रणा जागी होते, पेशीच्या पृष्ठभागावर व्हीकॅम-१ सारखे आकडे (हुक) उगवतात. रक्तातल्या मोनोसाइट पेशी त्या आकड्यांना अडकतात, आत शिरतात, तिथलं एलडीएल गिळतात आणि फेसाळ पेशी बनतात. प्लाकची सुरुवात ती.

मग साहजिक शंका येते की हे सगळं जोरामुळेच कशावरून? बल्बमधल्या पेशी मुळात वेगळ्या असतील. याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं, कारण तिथे पेशी, पोषणद्रव, तापमान सगळं तेच ठेवून फक्त प्रवाह बदलता येतो. काचेवर एकाच दात्याच्या पेशींचा थर वाढवतात, त्यावर पाव मिलिमीटर उंचीची आणि २५ मिलिमीटर रुंदीची चपटी खाच बसवतात आणि ३७ अंशांवर पोषणद्रव फिरवतात. तिथला शिअर ६ गुणिले चिकटपणा गुणिले प्रवाह, भागिले रुंदी गुणिले उंचीचा वर्ग. पोषणद्रव रक्ताहून बराच पातळ, ०.०००८ पास्कल-सेकंदच्या घरात, म्हणून १५ डाइन मिळवायला मिनिटाला सुमारे २९ मिलिलिटर लागतात. इथे चुका ठरलेल्या असतात. रबरी गॅस्केट जास्त आवळली आणि उंची १० टक्क्यांनी घटली की शिअर २३ टक्क्यांनी वाढतो, कारण उंची वर्गाने येते. हवेचा एक बुडबुडा थरावरून गेला की त्याच्या मागे मेलेल्या पेशींचा पट्टा राहतो. पंप एकदम पूर्ण वेगावर टाकला तर थर सोलून निघतो, म्हणून वेग पायऱ्यापायऱ्याने वाढवतात. हे सगळं सांभाळलं की त्याच पेशी स्थिर प्रवाहात शांत आणि पुढेमागे हलणाऱ्या प्रवाहात चिडक्या झालेल्या दिसतात. माझ्या मते संपूर्ण विषयातला सगळ्यात भक्कम पुरावा हा आहे.

पूर्वी मत उलट होतं. १९६८ मध्ये डोनाल्ड फ्राय यांनी दाखवलं की ४०० डाइनच्या घरातला प्रचंड शिअर अस्तराला इजा करतो, त्यामुळे जिथे जोर जास्त तिथेच रोग होत असावा, असं वाटायचं. १९६९ मध्ये कॉलिन कॅरो आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या धमन्या तपासून नेमकं उलटं मांडलं: सुरुवातीचा रोग कमी शिअरच्या जागी दिसतो. १९८५ मध्ये कू, गिडेन्स, झरिन्स आणि ग्लॅगोव्ह यांनी कॅरॉटिडच्या फाट्याच्या पारदर्शक मॉडेलमध्ये प्रवाह मोजला, मृत व्यक्तींच्या धमन्यांतली आतल्या थराची जाडी त्याच्याशी ताडून पाहिली, आणि शिअर कमी व दिशा बदलती तिथे जाडी जास्त, हे समोर आलं. हृदयाच्या धमन्यांचे फाटे, पोटातली महाधमनी, मांडीत शाखा फुटते ती जागा, सगळीकडे हाच नियम कमी-अधिक लागू पडतो.

इथपर्यंतचं एका दमात: फाट्याच्या आकारामुळे बाहेरच्या भिंतीलगत रक्त घोळतं, तिथल्या पेशींना हवी तशी एकमार्गी ओढ मिळत नाही, त्या सुजेच्या बाजूला झुकतात आणि एलडीएलला वाट मोकळी होते. दोन्ही कॅरॉटिडचा आकार जवळपास सारखा, म्हणून जागाही दोन्हीकडे तीच.

तरी बल्ब प्रत्येकाला असतो आणि प्लाक प्रत्येकाला होत नाही. प्रवाह फक्त जागा ठरवतो. त्या जागी किती माल जमेल हे एलडीएल, बीपी, साखर, तंबाखू आणि वय ठरवतात. बीपी जास्त असेल तर एलडीएल भिंतीत जास्त जोराने रेटलं जातं आणि ताणही वाढतो. वाढलेली साखर ती ग्लायकोकॅलिक्सची लव झिजवते, म्हणजे पेशीचं ओळखण्याचं साधनच बोथट होतं. तंबाखूमुळे, विडी असो की मळून खाल्लेली, तयार झालेलं नायट्रिक ऑक्साइड कामाला येण्याआधीच नासतं. बल्बचा कोन आणि रुंदी माणसागणिक बदलते, डाव्या-उजव्यातही फरक असतो, आणि ते बदलणं आपल्या हातात नाही. माल कमी करणं मात्र हातात आहे, म्हणून सगळा भर तिथे द्यायचा.

आता उलट्या प्रवाहाचं. रंगीत डॉप्लरमध्ये मुख्य धार लाल दाखवली असेल तर बल्बच्या बाहेरच्या भिंतीलगत ठोक्याच्या वेळी एक निळा डाग उमटतो आणि विरतो. निरोगी तरुण माणसात तो दिसायलाच हवा. तो बल्बचा स्वभाव आहे. उलट, प्लाकने फुगवटा भरून टाकला की ती रिकामी जागा संपते आणि निळा डाग नाहीसा होतो. तेव्हा वडिलांच्या डाव्या बल्बमध्ये उलटा प्रवाह दिसतो याचा अर्थ तिथे अजून पुरेशी मोकळी जागा आहे. त्या वाक्याने झोप उडवू नका. एकच सांभाळायचं: यंत्रावरची वेगाची पट्टी फार खाली ठेवली तर जोरात वाहणारं रक्तही खोटंच निळं दिसतं. म्हणून वेगाचा आलेख काढणाऱ्या स्पेक्ट्रल डॉप्लरची खिडकी त्या डागावर ठेवून आलेख रेषेच्या खाली जातोय का ते पाहून घ्यायचं असतं.

रिपोर्टमधले महत्त्वाचे आकडे वेगळे आहेत. आतल्या कॅरॉटिडचा सिस्टॉलिक वेग, म्हणजे हृदयाच्या ठोक्याच्या वेळचा सर्वाधिक वेग, सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या आत असेल तर अरुंदपणा सहसा ५० टक्क्यांच्या आत. १२५ ते २३० म्हणजे ५० ते ६९ टक्के. २३० च्या वर ७० टक्क्यांहून जास्त. हा वेग मोजताना किरणाचा कोन ६० अंश किंवा कमी ठेवावा लागतो आणि कोनाची रेघ भिंतीला समांतर बसवावी लागते. खरा कोन ६० असताना यंत्राला ६५ सांगितला तर वेग १८ टक्के जास्त येतो. ११० चे १३० होतात आणि माणूस कागदावर एका गटातून दुसऱ्यात जातो. म्हणून दोन ठिकाणचे रिपोर्ट जुळत नाहीत म्हणून रोग वाढला असं लगेच धरू नये. आणि एक लक्षात घ्या, नेहमीची डॉप्लर शिअर मोजत नाही. ती वेग मोजते. शिअरबद्दलचं सगळं आपण आकारावरून ताडतो.

(चक्करेबद्दल: नुसती चक्कर बहुतेक वेळा कॅरॉटिडमुळे नसते. दोन्ही बाजूंना ५० टक्क्यांच्या आतला प्लाक असेल तर चक्करेचं कारण कानात, बीपीच्या गोळीच्या डोसात किंवा उठता-बसता दाब पडण्यात शोधावं लागेल. ते डॉक्टरांना वेगळं विचारा.)

चालण्याने काय होतं, हेही सांगायला हवं. व्यायामात हृदय जास्त रक्त ढकलतं, शिअर वाढतो आणि अस्तराला हवी ती एकमार्गी ओढ मिळते. हे सगळ्यात जास्त पायांच्या आणि हातांच्या धमन्यांत दिसतं. मानेत वाढ माफक असते, आणि बल्बचा घोळ चालण्याने संपत नाही. तिथे फायदा मुख्यतः बीपी आणि साखर खाली येण्यातून मिळतो. कृषीनगरच्या ट्रॅकवर किंवा गोदापार्कात रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने, इतकं पुरे. आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची: सलग बसणं. तीन तास हलल्याशिवाय बसलं की पायाच्या धमनीची रुंदावण्याची ताकद मोजण्याइतकी घटते; दर तासाला पाच मिनिटं चाललं तर ती टिकते. वडील दुकानात किंवा टीव्हीपुढे बसत असतील तर तासाचा गजर लावून द्या.

ही ‘रुंदावण्याची ताकद’ तपासता येते. दंडातली धमनी सोनोग्राफीवर लांबीत धरायची, कोपराच्या खाली कफ बांधून सिस्टॉलिकपेक्षा ५० वर पाच मिनिटं फुगवायचा, मग सोडायचा. रक्त एकदम धावतं, शिअर वाढतो, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि मिनिटभरात ४ मिलिमीटरची धमनी ४.३ होते, हे साडेसात टक्के. पण प्रोब केसभर सरकून ०.१ मिलिमीटरची चूक झाली तरी अडीच टक्के इकडेतिकडे. चहा, जेवण, तंबाखू, थंड खोली, सगळ्याने आकडा हलतो. संशोधनाला ही तपासणी उत्तम, पण वडिलांसाठी तिच्यामागे पैसे घालवू नका. उपचार तिने बदलणार नाही.

गोळ्यांचं: डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, दिली असेल तर ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं’ म्हणून बंद करू नका. प्लाक दिसल्यावर एलडीएल ७० च्या खाली ठेवायचा प्रयत्न बहुतेक डॉक्टर करतात. शिवाय स्टॅटिन अस्तरातलं केएलएफ-२ वाढवते, म्हणजे चांगला प्रवाह पेशीला जे सांगतो त्याचा थोडा भाग ही गोळी सांगते. काढ्याने प्लाक विरघळत नाही, हे वर आलंच. ॲस्पिरिन चालू असेल तर लसणाचे मोठे डोस रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढवू शकतात; जेवणातला लसूण खुशाल खाऊ द्या. ५० टक्क्यांच्या आतल्या, त्रास न देणाऱ्या प्लाकला स्टेंट किंवा ऑपरेशन सुचवलं तर दुसरं मत घ्या. स्टेंट बसवताना अस्तर सोलवटतं आणि जाळीच्या तारांमागे पुन्हा नवे छोटे भोवरे तयार होतात. मोठा अरुंदपणा असेल तर ही किंमत मोजावी लागते, एवढ्याशासाठी नाही.

प्लाक वाढून धमनी खरंच अरुंद झाली की चित्र उलटतं. सगळ्यात अरुंद जागी शिअर १०० डाइनच्या वर जातो; रक्तातलं व्हॉन विलब्रँड प्रथिन, एरवी गुंडाळीसारखं, तिथे उलगडतं आणि प्लेटलेट्स त्याला अडकतात. प्लाकच्या प्रवाहाकडच्या खांद्यावर चीर पडू शकते आणि गुठळी थेट मेंदूकडे जाते. म्हणून तोंड वाकडं होणं, एका हाताची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्यापुढे पडदा येणं, यातलं काहीही झालं, पाच मिनिटांत बरं झालं तरी, थेट स्ट्रोकची सोय असलेल्या रुग्णालयात. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साडेचार तासांची मर्यादा असते आणि तपासणीतच त्यातला बराच वेळ जातो.

मानेला तेल लावून जोरात चोळणं आणि केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेणं आजपासून बंद करायला सांगा. बल्बमध्येच बीपी ओळखणाऱ्या नसा असतात, दाबल्या तर नाडी एकदम मंद होऊन माणूस कोसळू शकतो. आणि झटका बसला तर धमनीचं अस्तर फाटू शकतं.

पुढची डॉप्लर डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा वर्षभराने, शक्यतो त्याच ठिकाणी त्याच यंत्रावर करा. जुना रिपोर्ट आणि चित्रं बरोबर न्या. तपासणाऱ्याला चार गोष्टी लिहून द्यायला सांगा: दोन्ही बाजूंचा सिस्टॉलिक वेग आणि तो कोणत्या कोनाने मोजला, प्लाकची जास्तीत जास्त जाडी मिलिमीटरमध्ये, प्लाक काळपट-मऊ आहे की पांढरा-कठीण, आणि त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खाच पडलेला. टक्केवारी तीच राहून काळपट भाग वाढला असेल किंवा खाच नव्याने दिसली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा.